७८० शब्दांचा रशिया

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात विद्यार्थी पाठवणाऱ्या दलालांच्या जाहिराती आता जिल्ह्याच्या गावांतही दिसतात. फी, वसतिगृह आणि भारतीय जेवण यांच्या बरोबरीने त्यांत एक आश्वासन हमखास असते : शिक्षण संपूर्ण इंग्रजीतून, भाषेची काळजी नको. एखाद्या देशात सहा वर्षे राहायला निघालेल्या मुलाला त्या देशाची भाषा ही 'काळजी' म्हणून दाखवली जाते आणि ती मिटवल्याबद्दल पैसे घेतले जातात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पालकांना नाही, विद्यार्थ्यांना नाही, आणि भाषा-साहित्य शिकवण्याचा पगार घेणाऱ्या मंडळींनाही नाही. हा प्रश्न वैद्यकीय प्रवेशांचा आहे, आपला काय संबंध, असे म्हणून आपण बाजूला होतो. प्रस्तुत लेखाचा वाद या बाजूला होण्याशी आहे.

परदेशी विद्यार्थ्याने रशियन शिकावे की नाही, आणि शिकावी तर किती, याविषयी आज तीन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाला भाषा हा अडथळा वाटतो. दुसऱ्याला ती हत्यार वाटते. कामापुरती धार लावली की झाले. तिसऱ्याच्या लेखी ती देव्हाऱ्यातली मूर्ती आहे. लांबून नमस्कार करायचा, हात लावायचा नाही. या तिघांचे आपापसांत पटत नाही. पण तिघे मिळून विद्यार्थ्याला भाषेच्या दाराबाहेर ठेवतात, असे माझे म्हणणे आहे. तिसरा पक्ष आपला आहे, म्हणून त्याच्याविषयी जास्त कठोरपणे बोलले पाहिजे. परंतु क्रमाने जाऊ.

पहिल्या पक्षाच्या पाठीशी आता कायदा उभा आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे. तिसऱ्या अटीमागचा विचार समजण्यासारखा आहे. विद्यार्थी परत येणार, इथली परीक्षा इंग्रजीत देणार, इथल्या वैद्यकाच्या परिभाषेत काम करणार. हे मान्य करूनही दुसरी आणि तिसरी अट शेजारी ठेवून वाचावी. त्या १२ महिन्यांत खाटेवर असणारी कझानची म्हातारी आपले दुखणे कोणत्या माध्यमात सांगणार आहे? रशियनमध्ये दुखण्याला 'बलीत' हा सरसकट शब्द आहेच. पण रोगी तेवढ्यावर थांबत नाही. ठसठसत असेल तर तो 'नोयेत' म्हणतो, टोचत असेल तर 'कोल्येत', जळजळत असेल तर 'झ्झोत', ओढ लागत असेल तर 'त्यान्येत'. आणि तापात हाडे दुखू लागली की म्हणतो 'लोमित', म्हणजे शब्दशः 'मोडते'. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण आपलेही अंग मोडूनच येते. निदानाची सुरुवात या क्रियापदांच्या फरकापासून होते. जो नियम विद्यार्थ्याला वर्षभर रोग्याजवळ उभा करतो, त्याच नियमाच्या हिशेबात रोग्याच्या भाषेला शून्य गुण आहेत. ती शिकली तर कोणी अडवत नाही, पण न शिकल्याने काही बिघडते असेही कोणी म्हणत नाही. याचा अर्थ इतकाच होतो की परदेशातला रोगी हा शिकाऊ डॉक्टरच्या सरावाचे सामान आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात मराठीचा गंध नसलेले, आणि तो नसावा असेच ज्यांना सांगितले आहे असे, परदेशी विद्यार्थी वर्षभर नेमले असते तर आपण काय म्हणालो असतो?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : तिथे राहिले की भाषा आपोआप येते. या 'आपोआप'ने भाषाशिक्षणाचे जितके नुकसान केले आहे तितके वाईट शिक्षकांनीही केले नसेल. हवामान आपोआप अंगवळणी पडते; भाषेचे तसे नसते. माणूस ज्यांच्यात वावरतो त्यांची भाषा त्याला येते, आणि तो ज्या देशात राहतो त्या देशातल्या लोकांतच वावरतो असे मुळीच नाही. याचा जुना दाखला आपल्याच मुलखातला आहे. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफानासी निकीतिन चौलला उतरून जुन्नरला आला, पावसाळाभर तिथे राहिला आणि पुढे बीदरला गेला. त्याच्या प्रवासवृत्तान्तात रशियनच्या मध्येच तुर्की, फारसी, अरबी यांची सरमिसळ असलेली भाषा येते. वृत्तान्ताचा शेवटही त्याच मिश्र भाषेतल्या प्रार्थनेने होतो. जुन्नरच्या शेतकऱ्याच्या आणि बाजारकऱ्याच्या मराठीचा ठसा मात्र त्यात शोधावा लागतो. निकीतिन मुलखात मराठी होता, पण त्याची संगत व्यापाऱ्यांची आणि दरबारी लोकांची होती, आणि त्याला भाषा आली ती त्या संगतीची. आजचा आपला विद्यार्थी हाच निकीतिन उलट दिशेने जगतो. वर्ग भारतीयांचा, खोली भारतीयांची, खानावळ भारतीयांची. तो वोल्गेच्या काठी सहा वर्षे राहतो आणि परत येतो तेव्हा त्याची हिंदी सुधारलेली असते.

आता दुसरा पक्ष. हा अधिक आदरणीय आहे, कारण त्याने खरोखर काही उभे केले आहे. परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्याची जेवढी पद्धतशीर यंत्रणा सोव्हिएत काळात निर्माण झाली तेवढी फार थोड्या भाषांच्या वाट्याला आली असेल. १९६० मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ स्थापन झाले, १९६१ मध्ये त्याला पात्रिस लुमुंबाचे नाव दिले गेले; १९९२ मध्ये ते काढले गेले आणि २०२३ मध्ये पुन्हा बसवले गेले. १९६७ मध्ये रशियनच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना पॅरिसमध्ये स्थापन झाली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, रशियनचे एक अक्षर न येणाऱ्या तरुणांना एका वर्षात रशियन माध्यमाच्या विद्यापीठात बसण्याजोगे करायचे, हे 'पदफाक' नावाच्या पूर्वतयारी विभागाचे काम. ते त्याने हजारो विद्यार्थ्यांच्या बाबतीत केले आहे, आजही करतो. त्या शिक्षिकांच्या चिकाटीचा उपहास करणे कृतघ्नपणाचे होईल.

वाद आहे तो त्या यंत्रणेच्या गाभ्यातल्या कल्पनेशी. ती कल्पना म्हणजे 'किमान शब्दसंग्रह'. परदेशी भाषा म्हणून रशियनच्या परीक्षेची उतरंड ठरलेली आहे : प्राथमिक पातळीला ७८० शब्द, त्यावरच्या आधारपातळीला १३००, आणि विद्यापीठाच्या दारात उभे राहायला लागणाऱ्या पहिल्या प्रमाणपत्राला २३००. यादी करणे हा गुन्हा नाही. कोणत्याही शिक्षकाला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. परंतु यादीला मूल्य चिकटते. तिच्यात जे आहे ते 'आवश्यक' आणि जे नाही ते 'साहित्यिक', असा अर्थ नकळत रूढ होतो. मग पूर्वतयारीच्या वर्षात 'वैज्ञानिक शैली'चा तास येतो आणि विद्यार्थी 'श्तो यव्ल्यायेत्सा च्येम', म्हणजे 'अमुक हे तमुक असते', हा साचा घोटू लागतो. पाणी हा द्रव असतो, लोखंड हा धातू असतो. ज्याला अजून 'मला घरची आठवण येते' हे धड म्हणता येत नाही, त्याला लोखंडाची व्याख्या बिनचूक करता येते.

किमान म्हणजे कोणाचे किमान, हा प्रश्न इथे विचारायला हवा. विद्यापीठाला विद्यार्थ्याकडून जे ऐकायचे आहे त्याचे हे किमान आहे. विद्यार्थ्याला जे बोलायचे आहे त्याचे किमान कोणी मोजलेले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये घानाच्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर शेकडो आफ्रिकी विद्यार्थी तांबड्या चौकात निदर्शने करायला उतरले. ज्यांना लोकांच्या मैत्रीसाठी बोलावले होते, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे गाऱ्हाणे होते. भांडण, अपमान, शोक, थट्टा, संशय यांची भाषा ही कोणत्याही परक्या माणसाची पहिली गरज असते. आणि किमान शब्दसंग्रहात तिचा नंबर नेहमी शेवटी लागतो. ज्याला फक्त विनंती करता येते आणि उत्तर देता येते, त्याला भाषा आली असे म्हणता येत नाही. त्याला आज्ञा पाळता येतात.

शिवाय हत्यार मानलेली भाषा निष्पक्ष असते, हा दुसरा भ्रम. पहिल्याच महिन्यात शिकवल्या जाणाऱ्या दोन शब्दयोगी अव्ययांचे पाहा : 'व' आणि 'ना'. सीमा असलेल्या देशात असणे 'व'ने दाखवायचे, बेटावर किंवा एखाद्या प्रदेशात असणे बहुधा 'ना'ने. रशियनची जुनी रूढी युक्रेनला 'ना' लावते. स्वतंत्र झाल्यावर युक्रेनने १९९३ मध्ये 'व'ची मागणी केली, कारण 'ना'मध्ये आपण देश नसून कोणाचा तरी प्रांत आहोत असा ध्वनी त्यांना ऐकू येत होता. म्हणजे 'माझा मित्र युक्रेनमध्ये शिकत होता' एवढे साधे वाक्य बोलतानाही परदेशी विद्यार्थ्याला बाजू घ्यावी लागते. ज्याला हे सांगितलेले नाही तो बाजू घेतो आणि आपण घेतली हे त्याला कळतही नाही. व्याकरणाचा तास कामापुरता ठेवता येत नाही तो यामुळे.

मराठी विद्यार्थ्याचे आणखी एक नुकसान या वाटेवर होते, आणि ते पूर्णपणे आपल्या घरचे आहे. आपण रशियनकडे जातो ते इंग्रजीच्या पुलावरून. आपल्याकडे वापरली जाणारी बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीतून समजावणारी. शिक्षकही स्पष्टीकरण इंग्रजीत देतो. परिणामी ज्या गोष्टी मराठी माणसाला जन्मजात माहीत आहेत त्या त्याला परक्या आणि अवघड म्हणून शिकवल्या जातात. 'म्न्ये खोलदना' हे वाक्य इंग्रजीतून समजावताना शिक्षकाला सांगावे लागते की इथे थंडी वाजणारा माणूस कर्ता नाही, त्याला चतुर्थी लागते, हे रशियनचे वैचित्र्य आहे. वैचित्र्य कसले? 'मला थंडी वाजते.' 'म्न्ये न्रावित्सा' : 'मला आवडते.' 'उ मिन्या येस्त व्रेम्या' : 'माझ्यापाशी वेळ आहे', 'उ' म्हणजे पाशीच. इंग्रजीतला मालकी सांगणारा 'मी'कर्तृक प्रयोग मराठीला अनोळखी आहे आणि रशियनलाही इथे तो नको आहे. सुरीने कापणे, पेनाने लिहिणे यांतली 'ने'ची तृतीया रशियनमध्ये 'नझोम', 'रूच्कोय' अशी नामाच्या प्रत्ययातच बसलेली असते. 'तो डॉक्टर' या वाक्यात आपण 'आहे' गाळू शकतो. रशियन वर्तमानकाळात ते गाळतेच.

लिंगांचे तर विचारूच नये. तीन लिंगे, आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारे : चांगला, चांगली, चांगले, 'खरोशी, खरोशाया, खरोशेये'. भूतकाळ पाहा : तो गेला, ती गेली, ते गेले, 'पशोल, पश्ला, पश्लो'. दोन्हींतला 'ल' एका मुळाचा आहे असे कोणी समजू नये. उगम वेगळे आहेत. पण दोन्हीकडे हा भूतकाळ मूळच्या धातुसाधितापासून आला आहे आणि म्हणून लिंग सांभाळून राहिला आहे. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला फरक रशियन माणूस 'पशोल' आणि 'पश्ला' असा करतो. एखाद्या कथेतला निवेदक पुरुष आहे की स्त्री हे रशियन वाचकाला पहिल्या भूतकाळी वाक्यातच कळते, मराठी वाचकालाही कळते. मधल्या इंग्रजी पुलावर ते पडून जाते. क्रियापदांच्या अपूर्ण-पूर्ण जोड्या पाहून इंग्रजीतून शिकणारा हबकतो. 'चिताल' आणि 'प्राचिताल' यांत, वाचत होतो आणि वाचून काढले यांतले अंतर आहे. मराठीची संयुक्त क्रियापदे प्रत्येक जोडीला पुरी पडणार नाहीत, हे खरे. गतिवाचक क्रियापदांचा गुंता, म्हणजे पायी जाणे वेगळे, वाहनाने जाणे वेगळे, एकदाच एका दिशेने जाणे वेगळे आणि जाऊन-येऊन असणे वेगळे, मराठीच्या बळावर सुटणारा नाही. उलट 'त्याने पोथी वाचली' यात क्रियापद पोथीचे लिंग घेते, हा आपला हिसका रशियनला नाही. पण कुठे साम्य आहे आणि कुठे नाही, हे मराठीतून मांडून दाखवणे हाच तर अभ्यास. तात्याना कातेनिना यांनी १९६३ मध्ये मराठी व्याकरणाची रूपरेषा रशियनमध्ये लिहिली. उलट दिशेचे, रशियन व्याकरण मराठीच्या अंगाने उलगडणारे काम आपल्या विद्यार्थ्याच्या हाती सहज पडते का?

इथे आपण तिसऱ्या पक्षापाशी, म्हणजे आपल्या स्वतःपाशी येऊन पोचतो. मराठी साहित्यव्यवहाराला रशियाचे प्रेम आहे, यात शंका नाही. साने गुरुजींनी टॉलस्टॉयचे कलेवरचे पुस्तक मराठीत आणले, पु. ल. देशपांडे यांनी गोगोलच्या नाटकावरून 'अंमलदार' केले. सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त मराठी पुस्तके एका पिढीच्या बालपणात होती, आणि त्यांमागे अनिल हवालदारांसारख्या रशियन जाणणाऱ्या अनुवादकांचे कष्ट होते. १९९१ नंतर तो पुरवठा थांबला. प्रेम राहिले, भाषा गेली. आजही आपल्या समीक्षेत दस्तयेव्स्कीचे नाव घेतल्याशिवाय कादंबरीविषयी गंभीर बोलता येत नाही. पण त्याच्या शैलीविषयी आपण जे बोलतो ते बहुतेक वेळा कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या इंग्रजीविषयी बोलत असतो. इंग्रजी वाचकाला टॉलस्टॉय आणि दस्तयेव्स्की यांच्यातला फरक कळेनासा होतो, कारण तो दोघांनाही न वाचता गार्नेट यांनाच वाचतो, अशी तक्रार ब्रॉडस्कीने केली होती. आपण त्या इंग्रजी वाचकाच्याही मागच्या रांगेत आहोत.

एकच शब्द घेऊ. 'करमाझव बंधू'च्या चौथ्या पुस्तकाचे शीर्षक आहे 'नाद्रीवी'. मुळाशी फाडण्याचा, तोडण्याचा धातू आहे. माणूस स्वतःचे दुःख ताणताताणता जिथे उसवतो ती जागा. गार्नेट यांनी तिथे जखमा झाल्याचे सांगणारा शब्द योजला, नंतरच्या अनुवादकांनी ताण दाखवणारा. इंग्रजीवरून येणारा मराठी अनुवादक 'जखमा' लिहील किंवा 'ताण' लिहील. रशियनवरून येणाऱ्याला निदान 'आतडे तुटणे' आठवण्याची शक्यता आहे. तो शब्द योग्य ठरेल की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालण्याची पात्रता आधी कमवावी लागते. आपल्या विद्यापीठांत रशियन शिकणारे 'भाषावाले' आणि टॉलस्टॉयवर बोलणारे 'साहित्यवाले', असे दोन पंथ आहेत. पहिल्यांना दुभाषी म्हणून कंपन्या उचलतात, दुसऱ्यांना चर्चासत्रांची निमंत्रणे येतात. दोघांची गाठ पडत नाही.

परदेशी विद्यार्थ्याला रशियनमधून काय मिळू शकते, हे पाहायचे तर ज्यांनी किमानावर समाधान मानले नाही त्यांच्याकडे पाहावे. नाझिम हिकमत १९२० च्या दशकाच्या आरंभी मॉस्कोच्या पूर्वेकडील श्रमिकांच्या विद्यापीठात शिकला. तिथे जाण्यापूर्वी बातूममध्ये एका रशियन वर्तमानपत्रात पायऱ्यापायऱ्यांनी छापलेली कविता त्याने पाहिली, भाषा येत नसल्याने तिचा नुसता आकारच वाचला, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. त्या आकारापासून मॉस्कोतल्या कवितेपर्यंत तो गेला, आणि तुर्की कवितेत मुक्तछंद रुजवणारा कवी झाला. इस्माईल कादारे १९५८ मध्ये गोर्की साहित्य संस्थेत शिकायला आला आणि १९६० मध्ये दोन देशांचे संबंध बिघडल्यावर परतला. पास्तरनाकविरुद्धची नोबेलची मोहीम त्याने विद्यार्थी म्हणून पाहिली होती. त्या वसतिगृहावर आणि त्या मोहिमेवर त्याने १९७८ मध्ये कादंबरी प्रसिद्ध केली. एकाला रशियनने प्रेम करायला शिकवले, दुसऱ्याला निरखायला आणि नकार द्यायला. दोघेही घरी परतले ते आपापल्या भाषेसाठी काहीतरी घेऊन.

आता शेवटचा आक्षेप, जो सर्वांत गंभीर आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर कोणत्या तोंडाने रशियन शिकायला सांगायचे? आक्रमकाची भाषा शिकणे म्हणजे त्याच्या प्रचाराला दार उघडणे नाही का? हा प्रश्न टाळू नये. त्या वर्षी 'ऑपरेशन गंगा'मधून २२ हजारांहून अधिक भारतीय युक्रेनमधून परत आणले गेले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. खारकीव्हसारख्या शहरांत शिकणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानांवर जी भाषा रोज पडत होती ती रशियनच. ज्यांच्यावर बाँब पडले त्यांचीही ती भाषा होती, हे विसरून तिला एका सरकारच्या नावावर चढवणे म्हणजे त्या सरकारचाच दावा मान्य करणे होय. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सियेविच यांना २०१५ चे नोबेल मिळाले ते रशियनमध्ये लिहिलेल्या, सत्तेला नकोशा असलेल्या साक्षींसाठी. किर्गिझस्तानचा चिंगिझ ऐत्मातव किर्गिझ आणि रशियन अशा दोन्ही भाषांत लिहीत राहिला. आज बिश्केकला जाणाऱ्या आपल्या मुलांपैकी कितींना हे नाव सांगून पाठवले जाते?

सत्ता भाषेचा वापर कसा करते हे ओळखायलाही ती भाषाच लागते. १ एप्रिल २०२५ पासून रशियातल्या शाळांत परदेशी मुलांना रशियनची चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. भाषा येत नाही म्हणून शाळेत यायचे, तर शाळेत यायला भाषा यावी लागते. ताजिक किंवा उझबेक मजुराच्या मुलाला भाषा येत नसल्याबद्दल दार बंद, आणि फी भरणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला भाषा नको म्हणून स्वतंत्र दार उघडे. एकाच भाषेचे हे दोन उपयोग शेजारी ठेवले की 'भाषेची काळजी नको' या आश्वासनाचा खरा अर्थ ध्यानात येतो : तुमचे पैसे हवे आहेत, तुम्ही नको आहात.

मागण्या फार मोठ्या नाहीत. परदेशी वैद्यकीय पदवीच्या नियमांत रोग्याच्या भाषेची परीक्षा इंग्रजी माध्यमाच्या जोडीला घालावी. ज्याला १२ महिने वॉर्डात उभे राहायचे आहे त्याला ती जड होणार नाही. रशियनचे मराठीतून लिहिलेले व्याकरण आपल्या विद्यापीठांनी करवून घ्यावे. मराठी विभागात रशियन साहित्यावर संशोधन करणाऱ्याला निदान मूळ संहितेतले एक प्रकरण वाचता येईल एवढ्या भाषेची अट घालावी. आणि पूर्वतयारीच्या वर्षात, लोखंडाच्या व्याख्येआधी, चेखवची एखादी दोन पानी गोष्ट, सोपी न करता, कोशाच्या आधाराने, आठवडाभर घेऊन वाचावी. ७८० शब्दांत ती मावणार नाही. न मावणाऱ्या शब्दांसाठीच ती वाचायची आहे.